तीन मजली रो-हाऊसमध्ये मेश वायफाय: निवडीपासून जोडणीपर्यंत

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या रो-हाऊसमध्ये फायबरची तार तळमजल्यावरच्या हॉलमध्ये येते, मुलीची अभ्यासाची खोली पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला आहे आणि माझे कामाचे टेबल गच्चीलगतच्या खोलीत आहे. हॉलमध्ये वेग मोजला तर २८० ते २९० एमबीपीएस भरायचा, मुलीच्या खोलीत ३५ ते ४०, आणि माझ्या टेबलापाशी कधी ६ तर कधी शून्य. ऑफिसच्या मीटिंगसाठी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या पायरीवर बसण्याची वेळ आली, तेव्हा मेश राउटर घेण्याचे ठरवले. पुढच्या दोन महिन्यांत एक संच परत केला, नोडांच्या, म्हणजे संचातल्या एकेका राउटरच्या, जागा चार वेळा बदलल्या आणि शेवटी वायरमनला बोलावून केबल टाकून घेतली. तेव्हा कोणी नीट क्रमाने सांगितले असते तर हे सारे काम एका रविवारात उरकले असते, म्हणून तो क्रम येथे लिहीत आहे.

मेश म्हणजे घरभर ठेवलेल्या दोन, तीन किंवा अधिक राउटरांचा एकाच नियंत्रणाखाली चालणारा संच. त्यातला एक, म्हणजे मूळ नोड, फायबरच्या डब्याला केबलने जोडलेला असतो आणि बाकीचे नोड त्याच्याशी बिनतारी किंवा केबलने जोडलेले असतात. सगळ्या घराला वायफायचे एकच नाव आणि एकच पासवर्ड राहतो, आणि तुम्ही वर-खाली गेलात की फोन आपोआप जवळच्या नोडाकडे सरकतो. जुन्या पद्धतीच्या एक्स्टेंडरमध्ये (राउटरचे वायफाय पुढे वाढवणाऱ्या जोड-डब्यामध्ये) हे सरकणे नीट होत नाही. फोन लांबच्या राउटरला धरून बसतो आणि आपण वायफाय बंद-चालू करत राहतो. मात्र कंपनीकडून घरात जेवढा वेग येतो, त्याहून जास्त वेग मेश कोणत्याही खोलीत देऊ शकत नाही, हे पैसे काढण्याआधी लक्षात घ्यावे.

१. दोष वायफायचा आहे की जोडणीचा, हे आधी ठरवा

लॅपटॉप फायबरच्या डब्याला (ज्याला कंपनीचे लोक ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात) नेटवर्क केबलने थेट जोडा, लॅपटॉपचे वायफाय बंद करा आणि वेग मोजा. नव्या पातळ लॅपटॉपांना केबलचे भोक नसते. त्यांच्यासाठी यूएसबीचा गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) अडॅप्टर मिळतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्याकडून मागून घेतला तरी चालतो. सकाळी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकदा असे दोन दिवस मोजावे, कारण रात्री सगळी कॉलनी एकाच वेळी मालिका आणि क्रिकेट पाहत असते.

केबलवरही वेग तुमच्या योजनेच्या निम्मा येत असेल, तर तक्रार कंपनीकडे करायची आहे. मेश घेऊन त्यात काही फरक पडणार नाही. आकडा दर वेळी ९४-९५ एमबीपीएसवरच अडकत असेल, तर ती ओळखीची खूण आहे: वाटेत कोठेतरी १०० एमबीपीएसचे पोर्ट (केबलचे भोक) आहे किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा धड जोडलेल्या आहेत. कधी ते पोर्ट डब्याचे असते, कधी जुन्या लॅपटॉपचे, आणि पुष्कळदा दोष केबलच्या टोकाला घाईत दाबलेल्या प्लगचा असतो. केबल बदलून पुन्हा मोजल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नये.

२. घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत मोजा

वहीच्या कागदावर प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा काढा. त्यावर भिंती, जिना, लोखंडी कपाटे, फ्रिज, मोठे आरसे, पाण्याची टाकी आणि मत्स्यपेटी दाखवा. धातू लहरी परतवतो, आरशाच्या पाठीमागचा धातूचा थरही तेच करतो, आणि पाणी त्या शोषून घेते. हॉलमध्ये राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेला असेल, तर निम्मे दुखणे तेथेच सापडते.

मग फोनमध्ये वायफायची ताकद दाखवणारे एखादे मोफत ॲप घ्या आणि प्रत्येक खोलीत दोन आकडे नोंदवा: वेग, आणि डीबीएममध्ये मोजलेली ताकद. हा दुसरा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत काम सुरळीत चालते, उणे ७० च्या पलीकडे व्हिडिओ कॉल अडखळू लागतात आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. आयफोनवर ही ताकद दाखवणारी ॲप सहसा मिळत नाहीत, त्यामुळे मोजमापापुरता घरातला एखादा अँड्रॉइड फोन घ्यावा.

या नकाशावर घराचा प्रकारही लिहून ठेवावा, कारण नाशिकमध्ये तीन प्रकारच्या घरांत तीन वेगळे अनुभव येतात. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतली रो-हाऊस अरुंद आणि उंच असतात. तेथे खरा अडथळा म्हणजे लोखंडी सळ्यांनी भरलेला स्लॅब, आणि मजल्यागणिक ताकद झपाट्याने उतरते. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या अपार्टमेंटमध्ये सगळे एकाच पातळीवर असते, पण चहूबाजूंच्या शेजाऱ्यांची वायफाय इतकी असतात की वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) २.४ चा पट्टा भाजीबाजारासारखा गजबजलेला सापडतो. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांचे गणित तर रो-हाऊसच्या नेमके उलटे आहे. माझ्या आत्याच्या वाड्यात माळा लाकडी असल्यामुळे लहरी वरच्या मजल्यावर सहज पोहोचतात, पण शेजारच्याच खोलीत जाताना हात-दीड हात जाडीच्या भिंतीत मरून जातात. तेथे नोड दाराच्या रेषेत किंवा चौकाकडे तोंड करून ठेवल्यावरच काम झाले.

३. मेश खरोखर लागणार आहे का, याचा निर्णय

दोन बेडरूमचा, सातशे-आठशे चौरस फुटांचा फ्लॅट असेल, तर बहुतेक वेळा एकच चांगला राउटर मध्यभागी, डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवला की पुरतो. जोडणी करायला आलेला माणूस डबा दाराजवळ चपलांच्या कपाटावर लावून जातो, कारण तार तेथून आत येते. तो हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये हलवून मागावा. फायबरची लांब पॅच-कॉर्ड मिळते. फक्त ती भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडू नये आणि खिळ्याने ठोकू नये, कारण आत काचेचा धागा असतो आणि तो तुटला की दुरुस्ती आपल्या हातची राहत नाही.

लहान घरात तीन नोड ठेवणे हा उलट उपद्रव आहे. जवळजवळचे नोड बहुधा एकाच चॅनेलवर (पट्ट्यातल्या एकाच मार्गावर) बोलतात, एकमेकांची पाळी येईपर्यंत थांबतात, आणि फोनला कोणाला धरावे ते कळत नाही.

मखमलाबाद किंवा मातोरीकडे मळ्यात घर आहे आणि शंभर-दीडशे मीटरवरच्या पंपघरात कॅमेरा लावायचा आहे, असे असेल तर घरातला मेश त्या कामाचा नव्हे. त्यासाठी दोन टोकांना समोरासमोर लावायचे बाहेरचे बिनतारी संच किंवा जमिनीखालून फायबर हे मार्ग आहेत.

४. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

माझा पहिला संच येथेच चुकला. खोक्यावर ‘एसी १२००’ असे ठळक छापले होते आणि माझी योजना ३०० ची, म्हणून चौपट ताकदीचा माल घेतल्याच्या आनंदात मी घरी आलो. प्रत्यक्षात १२०० ही २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मिळून केलेली आणि वरच्या शेकड्यापर्यंत वाढवलेली बेरीज आहे. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, आणि ८६७ हा सुद्धा कागदावरचा कमाल वेग आहे. त्याच्या साधारण निम्मा प्रत्यक्ष हातात पडतो. मात्र खरा घोटाळा पाठीमागच्या पोर्टांचा होता. ती १०० एमबीपीएसची होती, म्हणजे ३०० च्या योजनेतले दोनशे दारातच अडले. विक्रेत्याने ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

म्हणून खरेदी करताना पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. पहिली, सर्व नोडांवरची पोर्ट गिगाबिट आहेत का. एकाच कंपनीच्या शेजारशेजारच्या मॉडेलांत हा फरक असतो. उदाहरणार्थ, टीपी-लिंकच्या डेको मालिकेत ई-४ ची पोर्ट १०० एमबीपीएसची आहेत आणि एम-४ ची गिगाबिट. दुसरी, प्रत्येक नोडावर किमान दोन पोर्ट आहेत का, म्हणजे एका पोर्टात केबल येईल आणि दुसऱ्यात टीव्ही किंवा संगणक जोडता येईल. तिसरी, वायफायची पिढी. आज नवीन घेताना वायफाय ६ च्या खाली जाऊ नये. त्यातल्या ‘एएक्स १५००’ मध्ये ५ गिगाहर्ट्झवर १२०१ आणि ‘एएक्स ३०००’ मध्ये २४०२ एमबीपीएस असा कागदी वेग असतो. ३०० पर्यंतच्या योजनेला पहिला पुरतो, ५०० च्या पुढे दुसरा घ्यावा. वायफाय ७ चे संच बाजारात आहेत, पण त्याचा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा एका भिंतीपलीकडे लगेच दमतो. शिवाय घरातले फोनही त्या पिढीचे हवेत. स्लॅब ओलांडण्यासाठी तो घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

चौथी गोष्ट पट्ट्यांची. दोन पट्ट्यांच्या संचात नोड ज्या ५ गिगाहर्ट्झवर तुमच्या फोनशी बोलतो, त्याच पट्ट्यावर मूळ नोडाशीही बोलतो, त्यामुळे प्रत्येक बिनतारी टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तीन पट्ट्यांच्या संचात नोडांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी एक पट्टा राखता येतो, म्हणून तो महाग असतो. घरात केबल टाकता येणार असेल तर हा जास्तीचा खर्च करण्याचे कारण उरत नाही.

परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांकडून राउटर मागवण्याचा मोह टाळावा. तेथील संचाचे चॅनेल त्या देशाच्या नियमांप्रमाणे बांधलेले असू शकतात, प्लग आपल्या सॉकेटला बसत नाही आणि वॉरंटी येथे चालेलच असे नाही. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन घ्या, पण मॉडेलचा पूर्ण क्रमांक, व्हर्जनसह, कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी विचारा. माझा पहिला संच त्या मुदतीमुळेच परत गेला.

५. केबल टाकता येते का, हे गंभीरपणे पाहा

या संपूर्ण लेखातला एकच सल्ला पाळणार असाल तर तो हा पाळा: मूळ नोड आणि बाकीचे नोड यांच्यात केबल टाका. बिनतारी जोडलेल्या दुसऱ्या संचाने माझ्या गच्चीच्या खोलीत ७० ते ८० एमबीपीएस मिळत होते आणि पावसाळी हवेत काय, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की काय, आकडा हलत राहायचा. त्याच नोडांना केबल लावल्यावर तेथे २७० च्या वर आकडा स्थिर झाला. नोड तेच, जागा जवळपास त्याच.

घर बांधताना किंवा रंगकाम काढताना प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पीव्हीसी पाइप नेटवर्कसाठी सोडून घ्यावा. ते झालेले नसेल तर जिन्याच्या कडेने केसिंग-पट्टीतून केबल नेता येते, किंवा केबल टीव्हीची जुनी तार ज्या पाइपातून गेली आहे तोच पाइप वापरता येतो. जुन्या तारेलाच नवी केबल बांधून ओढली की ती निमूटपणे येते. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र नेटवर्कची केबल नेऊ नये. वायरमन ‘काही होत नाही’ म्हणेल, तरी नेऊ नये. एखाद्या तारेचे आवरण खरचटले तर २३० व्होल्ट राउटरपर्यंत येऊ शकतात.

केबल कॅट-६ प्रतीची घ्यावी. कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहते, पण भिंतीत एकदा घातलेली केबल पुन्हा काढायची नसते. ती शुद्ध तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. ब्लेडने तार खरवडली आणि आतून चंदेरी निघाली की ती परत करावी. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हाला टिकणारी, बाहेरच्या वापराची काळी केबल घ्यावी. साधी करड्या रंगाची केबल नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात काही वर्षांत तडकते. वळवाच्या पावसात विजा होतात त्या दिवसांत अशी बाहेरून आलेली केबल काढून ठेवलेली बरी.

प्लग दाबून झाल्यावर वायरमन घरात असतानाच टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात का ते पाहा. पैसे त्यानंतर द्या.

६. काम सुरू करण्याआधी जवळ ठेवायच्या गोष्टी

— इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाईल आणि तक्रारीचा क्रमांक.
— तुमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड भरून सुरू होणारी, असेल (बीएसएनएलचे भारत फायबर आणि अनेक स्थानिक केबलवाल्यांच्या जोडण्या अशा असतात) तर तिचे यूजरनेम आणि पासवर्ड. हा पासवर्ड ॲपचा नव्हे, जोडणीचा.
— जुन्या राउटरच्या पानावरील सेटिंगांचे फोटो. हे पान सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडते. पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या तळाशी छापलेला असतो.
— जुने वायफायचे नाव आणि पासवर्ड, अक्षर न् अक्षर.
— घरातल्या वायफायवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी: टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे, दाराची घंटा, इन्व्हर्टर, गीझरचा स्मार्ट प्लग. विसरलेली वस्तू नेमकी रात्री अकराला आठवते.
— जीएसटीसह बिल, वॉरंटीचा कागद आणि खोके. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोके फाडू नये.
— मोबाईल डेटा चालू असलेला एक फोन, कारण मेशचे ॲप उतरवताना घरचे वायफाय बंद असेल.

७. मूळ नोड जोडा: ब्रिज की ॲक्सेस पॉइंट

नवखा माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो येथे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कंपनीचा डबा बहुतेक वेळा स्वतःच राउटरही असतो. त्याच्यापुढे तुमचा मेश जोडला आणि त्यानेही राउटरचेच काम धरले, तर घरात दोन राउटर एकामागे एक उभे राहतात. दोघेही घरातल्या वस्तूंना आपापले नेटवर्क-पत्ते वाटतात. युट्यूब, व्हॉट्सॲप तरीही चालते, म्हणून दोष ध्यानात येत नाही. पण बाहेरून घरचा कॅमेरा पाहणे, ऑफिसचे काही व्हीपीएन, ऑनलाइन खेळ आणि जुन्या डब्यावर राहिलेला प्रिंटर यांत विचित्र अडचणी येऊ लागतात.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, कंपनीला फोन करून डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यायचा आणि पीपीपीओईची माहिती मेशमध्ये भरायची, मग राउटर एकच, तुमचा. दुसरा, डब्याला राउटर राहू द्यायचे आणि मेश ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये लावायचा, मग मेश फक्त वायफाय पसरवतो. कंपनी ब्रिज मोड द्यायला तयार नसेल तर दुसरा मार्ग निर्धास्तपणे घ्यावा. त्यात काही मॉडेलांवर मुलांच्या वापराच्या वेळा बांधणे यांसारख्या सोयी बंद पडतात, एवढाच तोटा. माझ्याकडे हाच मार्ग आहे आणि रोजच्या कामात काही अडले नाही.

जोडणीचा क्रम असा ठेवा: डबा बंद करा, मूळ नोडाच्या इंटरनेट पोर्टात डब्याची केबल लावा, डबा सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबा, मग नोड सुरू करा आणि ॲप सांगेल तसे पुढे जा. सगळे बरोबर भरूनही इंटरनेट येत नसेल, तर केबलवाल्याने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक) बांधून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. त्याला फोन करून नवा मॅक पत्ता कळवा, किंवा ॲपमध्ये ‘मॅक क्लोन’ची सोय असेल तर जुना पत्ता भरा.

शेवटी कंपनीच्या डब्याचे स्वतःचे वायफाय बंद करा. ते चालू राहिले तर घरातले अर्धे फोन जुन्या सवयीने त्यालाच चिकटून राहतात आणि मेश वाईट आहे असा समज होतो.

८. बाकीचे नोड योग्य जागी ठेवा

सगळ्या नोडांची नोंदणी आधी हॉलमध्येच, मूळ नोडाच्या शेजारी ठेवून करून घ्या आणि मग त्यांना त्यांच्या जागी न्या. थेट वरच्या मजल्यावर नोंदणीचा प्रयत्न केला तर ॲप नोड सापडत नाही म्हणते आणि आपण खराब माल आल्याच्या समजुतीत राहतो.

केबल असेल तर नोड जेथे काम तेथे ठेवा. केबल नसेल तर जेथे वायफाय पोहोचत नाही त्या खोलीत नोड ठेवू नये, हे माझ्या चारपैकी तीन स्थलांतरांचे सार आहे. ज्या खोलीत लहरीच येत नाहीत, तेथे नोडाला तरी पुढे द्यायला काय मिळणार? तहानलेल्या घराकडे पाणी न्यायचे तर घागर विहिरीच्या वाटेवर भरावी लागते. मूळ नोडाची ताकद फोनवर उणे ६० ते उणे ६५ दाखवते, त्या मधल्या जागी दुसरा नोड ठेवावा.

रो-हाऊसमध्ये ही जागा जवळजवळ नेहमी जिन्यात सापडते. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसल्याने लहरींना वर जायला तो मोकळा मार्ग आहे. मूळ नोड जिन्याच्या तोंडाशी आणला, दुसरा पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर ठेवला आणि तिसरा गच्चीच्या दाराशी, अशी माझी केबलपूर्वीची सर्वांत चांगली मांडणी होती. बरेच राउटर वर-खाली जेवढे फेकतात त्यापेक्षा आडवे जास्त फेकतात. त्यामुळे नोड नेमका डोक्यावर ठेवण्याऐवजी थोडा बाजूला सरकवून पाहावा. प्रत्येक जागी ठेवल्यावर पाच मिनिटे थांबा आणि नकाशावर नवा आकडा लिहा. देव्हाऱ्यावर, फ्रिजवर, कपाटात किंवा पडद्याच्या लोखंडी दांडीजवळ नोड ठेवू नये. घरच्यांना तो दिसायला नको असतो, त्यामुळे हा वाद होतोच.

मग खरी चाचणी: कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावा आणि बोलत बोलत हॉलपासून गच्चीपर्यंत जा. एखादा क्षण चित्र थांबले तर हरकत नाही. कॉल तुटत असेल तर त्या टप्प्यावरचे दोन नोड एकमेकांपासून फार लांब आहेत, किंवा फोन जुना आहे; कोणत्या नोडाकडे जायचे याचा अंतिम निर्णय फोनच घेतो.

९. नाव, पासवर्ड आणि हट्टी वस्तू

नव्या मेशला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू पुन्हा जोडत बसावे लागत नाही. अपवाद एकच: तो पासवर्ड सगळ्या गल्लीला ठाऊक असेल तर बदला. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करा. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ दोन्ही चालणारा मिश्र पर्याय निवडा. निव्वळ डब्ल्यूपीए-३ वर जुने प्रिंटर रुसतात. ॲपमधले अपडेट पहिल्याच दिवशी करून घ्या.

स्मार्ट प्लग आणि बरेचसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच असले की काहींची जोडणी अडते. बहुतेक मेशमध्ये अशा वस्तूंसाठी फक्त २.४ चे वेगळे नेटवर्क करता येते. ‘फास्ट रोमिंग’ (एका नोडावरून दुसऱ्यावर झटकन सरकण्याची सोय) सुरू केल्यावर एखादी जुनी वस्तू दिसेनाशी झाली तर ती सोय बंद करून पाहा.

१०. वीज आणि तुटलेली तार

मेशमध्ये नोड तीन तर अडॅप्टरही तीन. हॉलमधला राउटर इन्व्हर्टरवर आणि वरचे नोड साध्या सॉकेटवर असतील, तर वीज गेल्यावर वर अंधारच. प्रत्येक नोड इन्व्हर्टरच्या लाइनवर असलेल्या सॉकेटमध्ये लावा किंवा प्रत्येकाला छोटा राउटर-यूपीएस द्या. तो घेताना नोडाच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत आणि पिनेची जाडी जुळायला हवी. १२ व्होल्टच्या नोडाला ९ व्होल्ट दिले तर तो दर काही मिनिटांनी बंद-चालू होत राहतो. फायबरच्या डब्यालाही यूपीएस लागतो, हे बहुतेकजण विसरतात.

सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर रस्ते खणले जात आहेत आणि जेसीबीच्या दाताखाली फायबर येते. अशाच एका दुपारी इंटरनेट गेले, तेव्हा मी मेशचे तीनही नोड रीसेट करून सगळी जोडणी पुन्हा उभी करत बसलो होतो, आणि तार तुटली होती कोपऱ्यावरच्या खड्ड्यात. त्यानंतर डब्याशेजारी एक कागद चिकटवला आहे, जो आईलाही वाचून वापरता येतो: डब्यावर ‘लॉस’चा (एलओएस, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर कंपनीला फोन करायचा आणि कशालाही हात लावायचा नाही, डबा ठीक आणि नोडाचा दिवा लाल असेल तर तेवढ्याच नोडाची पिन काढून अर्ध्या मिनिटाने लावायची, मागचे बारीक रीसेटचे बटण टाचणीने दाबायचे नाही.